क्लिक कुणी केलं?

माहिती-सुरक्षेच्या धंद्यात एक वाक्य इतक्या वेळा म्हटलं जातं, की ते आता शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखं झालंय: 'सुरक्षेच्या साखळीतली सर्वांत कच्ची कडी म्हणजे माणूस.' परिषदांमध्ये ते असतं, सक्तीच्या ऑनलाइन प्रशिक्षणात पहिल्याच स्लाइडवर असतं, सायबर विमा विकायला आलेल्याच्या तोंडी असतं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. माझं म्हणणं असं, की हे वाक्य खोटं आहे, आणि या खोट्याची किंमत कुणीतरी मोजतं. यातला 'माणूस' म्हणजे नेहमी खालचा माणूस असतो: काउंटरवरचा कारकून, अकाउंट्समधली मुलगी, नुकताच लागलेला इंजिनियर. पाच वर्षं सर्व्हर बदलायला पैसे न देणारा संचालकही माणूसच असतो, पण त्याला कुणी कडी म्हणत नाही.

दोन अमेरिकी साहेबांचं उदाहरण घेऊ. एक्विफॅक्स ही तिकडची सिबिलसारखी कंपनी. कुणाला कर्ज द्यावं, कुणाला देऊ नये, याची कुंडली ठेवणारी. २०१७ साली तिच्याकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. अपाची स्ट्रट्स नावाच्या सॉफ्टवेअरमधल्या ज्या भोकातून चोर शिरले, त्याचा पॅच, म्हणजे ठिगळ, मार्चमध्येच आलेलं होतं. चोर मे महिन्यात आले आणि जुलै संपत येईपर्यंत आरामात राहिले. नेटवर्कवरची ये-जा तपासणारं एक यंत्र कंपनीकडे होतं, पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपल्यामुळे त्याला काहीच दिसत नव्हतं. ऑक्टोबरात नुकतेच पायउतार झालेले मुख्याधिकारी रिचर्ड स्मिथ अमेरिकी काँग्रेससमोर बसले आणि म्हणाले, की आयटी विभागातल्या एका व्यक्तीने पॅचची सूचना पुढे पोचवली नाही. एका व्यक्तीने! कोट्यवधी लोकांची कुंडली एका माणसाने एक निरोप पोचवण्यावर लटकलेली होती, हे सांगताना आपण स्वतःविरुद्धच साक्ष देतोय हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

दुसरे साहेब सोलरविंड्सचे. या कंपनीच्या सॉफ्टवेअर अपडेटमध्ये हेरांनी आपला कोड घुसवला आणि सुमारे १८,००० ग्राहकांनी तो अपडेट विश्वासाने उतरवून घेतला. त्यात अमेरिकी सरकारची खातीही होती. फेब्रुवारी २०२१मध्ये संसदेच्या सुनावणीत 'सोलरविंड्स१२३' असा एक पासवर्ड उघड्यावर पडला होता, त्याबद्दल विचारणा झाली. माजी मुख्याधिकाऱ्यांनी सांगितलं, ती एका इंटर्नची चूक होती. त्या पासवर्डचा मुख्य हल्ल्याशी संबंध असल्याचं सिद्ध झालेलं नाही, हा भाग वेगळा. जगातल्या बड्या बड्या संस्थांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत इंटर्नने ठेवलेला असला पासवर्ड चालतो कसा, आणि कुणाला दिसत कसा नाही, हा खरा प्रश्न होता. त्याचं उत्तर इंटर्न कसं देणार?

आपल्याकडे दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२मध्ये खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. रुग्णालयाचं काम दोनेक आठवडे कागद-पेनावर आलं. पहिल्या काही दिवसांतच दोन अ‍ॅनालिस्ट निलंबित झाल्याच्या बातम्या आल्या. नंतर सरकारने संसदेत जे कारण सांगितलं ते होतं नेटवर्कचे नीट विभाग पाडलेले नसणं. म्हणजे एकदा दारातून आत आलेला चोर घरभर हिंडू शकत होता, कारण आतल्या खोल्यांना दारंच नव्हती. देशातल्या एका बड्या सरकारी रुग्णालयाच्या नेटवर्कची रचना दोन अ‍ॅनालिस्टच्या हातात असते, असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा सरकारी निविदा कशी निघते ते पाहून यावं.

*

आता घराजवळ येऊ. ११ ऑगस्ट २०१८. महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दिवशी दुपारपासून काही तासांत २८ देशांमधल्या एटीएममधून पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या बनावट व्हिसा कार्डांवर पैसे निघत होते. १२ हजारांहून जास्त व्यवहार, सुमारे ७८ कोटी रुपये. त्याच वेळी भारतात रुपे कार्डांवर आणखी अडीच कोटी. आणि सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमार्गे हाँगकाँगच्या एका बँकेतल्या खात्यात १३ कोटी ९२ लाख. एकूण ९४ कोटी ४२ लाख. १९०६ साली स्थापन झालेल्या, पुण्यातल्या तीन-तीन पिढ्यांनी खाती ठेवलेल्या सहकारी बँकेचे.

हे कसं झालं ते समजून घेणं आवश्यक आहे, कारण 'कच्ची कडी' वाल्यांचा सगळा युक्तिवाद इथे कोसळतो. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता तेव्हा ते यंत्र व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्या बँकेच्या 'स्विच'कडे विचारणा करतं. स्विच म्हणजे बँकेचा दारावरचा माणूस. तो आत कोअर बँकिंगला, म्हणजे मुख्य खातेवहीला, विचारतो: यांच्या खात्यात पैसे आहेत का? आतून 'आहेत' आलं की तो बाहेर 'द्या' म्हणतो. कॉसमॉसमध्ये हल्लेखोरांनी खोटा स्विच उभा केला. तो आत कुणाला विचारतच नव्हता. जो येईल त्याला 'द्या' म्हणत होता. म्हणूनच बँक तेव्हा खरंच सांगू शकली, की खातेदारांच्या खात्यातून काही गेलेलं नाही. मुख्य खातेवहीला तर या लुटीचा पत्ताच नव्हता.

समजा, याची सुरुवात कुणीतरी एक फसवी ईमेल उघडण्यातून झाली. मी मुद्दाम 'समजा' म्हणतोय. त्यांचं सर्वांत आवडतं गृहीतक मी त्यांना फुकट देतो. मग पुढे? टेबलावरच्या एका संगणकापासून एटीएम स्विचपर्यंत वाट जाते कशी? त्या वाटेवर किती दारं होती आणि ती कुणी बसवायची होती? बाहेर 'द्या' म्हणून गेलेले व्यवहार आणि खातेवहीत नोंद झालेले व्यवहार यांचा आकडा दर दहा मिनिटांनी ताडून पाहणारा एक साधा प्रोग्रॅम असता, तर बारा हजारांतले किती व्यवहार झाले असते? पुण्यातल्या बँकेच्या कार्डांवर एकाच दुपारी २८ देशांत पैसे निघू लागले, तर स्वतःहून बंद पडेल असा फ्यूज का नसावा? घरातल्या मिक्सरला असतो. आणि मला सर्वांत बोचणारा प्रश्न: शनिवारी घरफोडी झाल्यावर सोमवारी स्विफ्टची खिडकी उघडी कशी?

या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर 'ईमेल उघडण्यापूर्वी पाठवणाऱ्याचा पत्ता तपासा' हे नाही. स्विफ्टचा प्रश्न तर त्याच वर्षी देशाने पाहिला होता. फेब्रुवारी २०१८मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतलं नीरव मोदी प्रकरण बाहेर आलं. तो सायबर हल्ला नव्हता, आतल्यांच्या संगनमताने झालेली फसवणूक होती. पण भोक एकाच जातीचं: स्विफ्टवरून हमीपत्रं जात होती आणि कोअर बँकिंगला ती माहीत नव्हती, कारण दोन्ही प्रणाली जोडलेल्या नव्हत्या. उजवा हात काय सही करतो ते डाव्या हाताला ठाऊक नाही. असली रचना कुठला कारकून ठरवत नाही.

नियामकाचंही पाहा. रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचा आराखडा २ जून २०१६ रोजी काढला. नागरी सहकारी बँकांसाठीचा मूलभूत आराखडा आला १९ ऑक्टोबर २०१८ला, कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी. वरातीमागून घोडं, असं आपल्याकडे म्हणतात.

नंतर संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१९च्या अहवालात या लुटीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयाने २०२३मध्ये ११ जणांना शिक्षा दिली, ती बनावट कार्डं घेऊन एटीएमसमोर उभं राहणाऱ्यांच्या साखळीतल्या लोकांना. दोन्ही ठीक आहे. पण यातून एक गंमत दिसते. हल्ल्यानंतर दोषाला दोनच पत्ते सापडतात: एक फार खाली, क्लिक करणारा कारकून, आणि एक फार दूर, प्योंगयांगमधलं लष्करी खातं. कारकुनाला अक्कल नाही आणि उत्तर कोरियापुढे आपण काय करणार! या दोघांच्या मध्ये एक मोठी इमारत उभी असते, तिच्यात संचालक मंडळ बसतं, लेखापरीक्षक येऊन चहा पितात, खरेदी समिती सर्वांत स्वस्त निविदा निवडते. त्या इमारतीवर दगड पडत नाही.

*

या इमारतीच्या आत एक कागद असतो, तो वाचकांनी पाहिलेला नसण्याची शक्यता आहे. त्याला रिस्क रजिस्टर म्हणतात. एक्सेलची फाइल असते. एका रकान्यात धोका लिहायचा, पुढे तो घडण्याची शक्यता, पुढे नुकसान. दोन्हींचा गुणाकार करून चौकटीला लाल, पिवळा किंवा हिरवा रंग द्यायचा. शेवटच्या रकान्यात त्याचं काय करणार ते. कमी करणार, विमा काढून दुसऱ्याच्या गळ्यात मारणार, की 'रिस्क अ‍ॅक्सेप्टेड', जोखीम स्वीकारली.

मी आधी ज्या कंपनीत होतो, तिथे एका सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला पॅच येणं बंद होऊन दोन वर्षं झाली होती. त्यावर ग्राहकांचा पत्ता, फोन, पॅन असा सगळा ऐवज. आमच्या टीमने तिकीट टाकलं. तीन महिन्यांनी ते बंद झालं, शेरा: 'रिस्क अ‍ॅक्सेप्टेड'. स्वीकारली कुणी? ज्या साहेबांनी स्वीकारली त्यांचा पॅन त्यावर नव्हता. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कंपनीत वरच्या जागी गेले. धोका शेजाऱ्याच्या घराला आणि तो मोठ्या मनाने स्वीकारणार आपण, असा हा प्रकार. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत याला शास्त्र म्हणतात.

त्याच जून महिन्यात कंपनीने सगळ्यांना एक खोटी ईमेल पाठवली: 'आपला फॉर्म १६ तयार आहे.' जूनमध्ये, जेव्हा खरा फॉर्म १६ येतो तेव्हा. ज्यांनी क्लिक केलं त्यांच्यासमोर लाल पडदा आला, वीस मिनिटांचा व्हिडिओ, मग दहा प्रश्नांची परीक्षा; आणि नावांची यादी मॅनेजरांकडे. त्या यादीत अकाउंट्समधल्या एक ताई होत्या, दुसऱ्यांदा. आता या ताईंचं काम काय? दिवसाला शंभरेक ईमेल उघडायच्या, त्यातल्या निम्म्या अनोळखी पुरवठादारांच्या, आणि प्रत्येकीला जोडलेलं बिल उघडून पाहायचं. कंपनी त्यांना अनोळखी माणसांच्या फाइली उघडण्याचा पगार देते आणि वर्षातून चारदा सांगते, अनोळखी माणसांच्या फाइली उघडू नका. भरतीचं काम पाहणाऱ्यांचंही तेच. लोकांचे बायोडेटा उघडायचे नाहीत तर काय शंख फुंकायचा? ताईंची 'रिपीट क्लिकर' अशी नोंद झाली. आमचा सर्व्हर मात्र हिरव्या चौकटीत होता.

ही परीक्षा निदान उपयोगाची तरी असते का? झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीत १५ महिने, १४ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवर हे तपासलं आणि २०२१मध्ये निष्कर्ष मांडले. क्लिक केल्यावर लगेच शिकवण्याची ही पद्धत लोकांना सावध करत नाही, उलट काही वेळा ते अधिक फसतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोमधल्या आरोग्यसेवेत १९ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवर आठ महिने असाच प्रयोग झाला. प्रशिक्षण मिळालेल्यांमध्ये फसण्याचं प्रमाण न मिळालेल्यांपेक्षा सरासरी फक्त १.७ टक्क्यांनी कमी होतं. एवढ्यासाठी जगभर एक अख्खा उद्योग उभा आहे. तो टिकून आहे कारण लेखापरीक्षकाला दाखवायला प्रमाणपत्रं मिळतात: ९८ टक्के कर्मचाऱ्यांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आणि अपमान होतो तो वेगळाच. गोडॅडी या अमेरिकी कंपनीने डिसेंबर २०२०मध्ये, कोविडच्या ऐन वर्षात, कर्मचाऱ्यांना ६५० डॉलर बोनसची ईमेल पाठवली. सुमारे ५०० जणांनी आशेने माहिती भरली. दोन दिवसांनी त्यांना कळलं, बोनस नाही, ती परीक्षा होती आणि तुम्ही नापास झालात. बोभाटा झाल्यावर कंपनीने माफी मागितली. चोर असल्या ईमेल पाठवतातच, असा या परीक्षेचा बचाव केला जातो. चोर खिसेही कापतात. म्हणून ऑफिसच्या दारात कर्मचाऱ्यांचे खिसे कापून पाहायचे नसतात.

*

इथे कुणी म्हणेल, पण आकडे काय सांगतात? व्हेरायझन कंपनीचा दरवर्षीचा अहवाल या क्षेत्रात प्रमाण मानला जातो. २०२४च्या अहवालात ६८ टक्के घटनांमध्ये 'मानवी घटक' होता. आकडा मला मान्य आहे. वाचन मान्य नाही. फिशिंगने होणाऱ्या घटना मोजताना ज्याने क्लिक केलं तो मानवी घटक ठरतो. ज्याने 'दुसऱ्या चावीची गरज नाही, लोकांना त्रास होतो' म्हणून प्रस्ताव परत पाठवला, तो कुठल्याच टक्केवारीत येत नाही. शेवटचा हात ज्याचा लागला तो दोषी, हा हिशेब रस्ते अपघातातही आपण करतोच: खड्डा पंचनाम्यात येत नाही, स्कूटरवाल्याचा वेग येतो.

कर्मचाऱ्याला काही शिकवूच नये असं मी म्हणत नाही. त्याला एकच गोष्ट शिकवावी: काही वावगं वाटलं, किंवा आपल्या हातून काही झालं असं वाटलं, तर या नंबरवर लगेच सांग, तुला कुणी रागावणार नाही. ईटीएचच्याच अभ्यासात दिसलं, की कर्मचाऱ्यांनी मिळून केलेल्या तक्रारींवरून नवी फसवी ईमेल चटकन पकडता येते. पण ज्या कंपनीत क्लिक करणाऱ्यांची यादी मॅनेजरकडे जाते, तिथे क्लिक केलेला माणूस काय करेल? संगणक बंद करेल, घरी जाईल आणि देवाला नारळ बोलेल. चोराला लागणारा वेळ त्याला असा मिळतो.

ऑगस्ट २०२२मध्ये उघड झालेली एक घटना मला या सगळ्या वादाचा निकाल वाटते. ट्विलिओ आणि क्लाउडफ्लेअर या दोन कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना जवळपास एकाच सुमारास एकाच पद्धतीचे फसवे एसएमएस आले. दोन्हीकडचे काही लोक फसले. क्लाउडफ्लेअरमध्ये तिघांनी आपला पासवर्ड खोट्या पानावर भरला. ट्विलिओत चोर आत गेले, ग्राहकांच्या माहितीपर्यंत पोचले. क्लाउडफ्लेअरमध्ये नाही, कारण तिथे प्रत्येक कर्मचाऱ्याकडे यूएसबीला लावायची एक छोटी चावी होती, आणि ती चावी खऱ्या संकेतस्थळालाच उत्तर देते, खोट्याला देत नाही. माणूस फसला तरी चावी फसत नाही. नंतर क्लाउडफ्लेअरने जाहीरपणे लिहिलं, की त्या तिघांना कसलीही समज दिलेली नाही. गूगलने २०१८मध्ये सांगितलं होतं, की या चाव्या सक्तीच्या केल्यापासून त्यांच्या ८५ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांपैकी एकाचंही खातं फिशिंगने गेलेलं नाही. गूगलचे कर्मचारी आमच्या ताईंपेक्षा हुशार आहेत म्हणून हे झालं नाही. त्यांना कुणीतरी चावी विकत घेऊन दिली.

आणि ज्या मोठ्या हल्ल्यांमध्ये कुणीच क्लिक केलं नव्हतं, त्यांचं काय? २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून पसरला. टॅलीचा अपडेट यावा आणि त्यातून घर जळावं, तसं. मर्स्क या जहाज कंपनीचे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर पुन्हा उभे करावे लागले, नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. न्हावा-शेव्याला जेएनपीटीतलं मर्स्कच्याच समूहाचं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनरचं काम हाताने करायची वेळ आली, ट्रकांच्या रांगा लागल्या. हा व्हायरस एका संगणकावरून दुसऱ्यावर उडी मारायला विंडोजमधलं जे भोक वापरत होता, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता आणि मे महिन्यात वॉनाक्रायने साऱ्या जगाला त्याची आठवणही करून दिली होती. मर्स्कचं नेटवर्क परत उभं राहिलं, ते घानातल्या एका सर्व्हरच्या जिवावर. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून तो वाचला. एवढ्या मोठ्या कंपनीची आपत्ती-योजना म्हणजे भारनियमन!

३१ जुलै २०२४ला आपल्याकडे सुमारे ३०० छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांचे ग्राहक यूपीआय करायला गेले, ते चालेना. सी-एज टेक्नॉलॉजीज ही टीसीएस आणि स्टेट बँकेची संयुक्त कंपनी या बँकांना तांत्रिक सेवा पुरवते. तिच्यावर खंडणीखोर हल्ला झाला म्हणून एनपीसीआयने तिला जाळ्यापासून तोडलं. दुसऱ्या दिवशी सेवा परत जोडली गेली. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार, शिरकाव झाला तो एका दुसऱ्याच पुरवठादाराच्या नीट न बांधलेल्या जेन्किन्स सर्व्हरमधून. त्यातलं भोक त्याच वर्षी जानेवारीत जाहीर झालेलं. बँक, तिचा पुरवठादार, त्याच्याशी जोडलेला आणखी एक. शेवटच्या टोकाला एखाद्या तालुक्याच्या गावातली पतपेढीवजा बँक, जिच्या शिपायालाही वर्षातून एकदा 'अनोळखी लिंकवर क्लिक करू नका' ही शपथ दिली जाते.

*

छोट्या धंद्यांत तर मालकच सगळं असतो, तिथे कारकुनावर ढकलायला जागा नाही असं वाटेल. आहे. भोसरी, सातपूर, वाळूज, कुठेही जा. टॅली ज्या संगणकावर आहे त्यालाच बॅकअपची हार्ड डिस्क बारा महिने लावलेली. खंडणीखोर व्हायरस आला की दोन्हींना एकदमच कुलूप. दोन डिस्क घेऊन एक आलटून-पालटून घरी न्यायची, याला काही हजार रुपये लागतात. 'आमच्याकडे काय आहे चोरायला?' असं मालक म्हणतो. चोराला तुमचं काही नकोय हो. तुम्हालाच तुमचं हवंय, त्याचेच तो पैसे मागतो.

दुसरा प्रकार बँक खातं बदलल्याच्या ईमेलचा, आणि त्याचाच भाऊ म्हणजे साहेबांच्या नावाने येणारा व्हॉट्सअ‍ॅप: 'मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, या खात्यात लगेच साडेचार लाख पाठव.' अकाउंटंट पाठवतो. नंतर सगळे म्हणतात, एवढं कळू नये? पण का कळावं? खरे साहेब असेच वागतात. लग्नाच्या मांडवातून, विमानतळावरून ते असाच निरोप टाकतात, आणि अकाउंटंटने 'सर, फोनवर खात्री करू का?' विचारलं तर 'माझ्यावर विश्वास नाही का?' ऐकवतात. चोराने साहेबांचा आवाज चोरलेला नसतो, त्यांची सवय चोरलेली असते. मालकाने एक नियम काढावा: रकमेचा अमुक आकडा ओलांडला, किंवा खातं नवीन असलं, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन केल्याशिवाय पैसे जाणार नाहीत, मी स्वतः सांगितलं तरीही. आणि जो पहिल्यांदा मालकाला अडवेल त्याला चारचौघांत शाबासकी द्यावी. याला सॉफ्टवेअर लागत नाही. मालकाला थोडा कमीपणा घ्यावा लागतो, तो काही जणांना सॉफ्टवेअरपेक्षा महाग पडतो.

कायदा या सगळ्यात कुठे आहे? सर्ट-इनचा २८ एप्रिल २०२२चा आदेश सांगतो, की घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. चांगलं आहे. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंड आहे. हा आकडा वर्तमानपत्रांनी ठळक छापला. कमी छापलं गेलं ते असं, की तो दंड देशाच्या संचित निधीत जमा होतो, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ४३-अ कलम, ज्यात नुकसान झालेल्या माणसाला कंपनीकडून भरपाई मागण्याची सोय आहे, ते वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. माझा पॅन, माझा पत्ता, माझ्या नावावर कुणीतरी काढलेलं कर्ज. आणि पैसे सरकारला. कंपनीच्या दृष्टीने हादेखील रजिस्टरमधला एक रकानाच: शक्यता गुणिले दंड. स्वीकारली.

म्हणून मला आशा वाटते ती एका जुन्या, कंटाळवाण्या जागेबद्दल. नागरी सहकारी बँकेचा भागधारक सभासद असतो आणि शेअर कितीही असले तरी त्याला एक मत असतं. तिची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते. महाराष्ट्रात लाखो घरांत तिचा अहवाल येतो आणि रद्दीत जातो. सभेला लोक जातात ते अल्पोपाहार आणि भेटवस्तूसाठी. पण तिथे उभं राहून विचारता येतं, आणि अध्यक्षांना उत्तर द्यावं लागतं, सभावृत्तांतात नोंद करून. गेल्या वर्षी किती जोखमी 'स्वीकारल्या' आणि कुणाच्या सहीने? एटीएम स्विच आणि खातेवही यांचा ताळा किती मिनिटांनी घेतला जातो? आपल्या पुरवठादाराचा पुरवठादार कोण? बॅकअपवरून बँक पुन्हा उभी करून पाहिल्याला किती महिने झाले, आणि त्याला किती तास लागले? अधिकाऱ्यांना ती यूएसबीची चावी दिली आहे का? नसेल तर या वर्षीच्या भेटवस्तूवर, त्या स्टीलच्या डब्यावर, किती खर्च झाला?

उत्तर बहुधा असं येईल, की आपल्या सर्व कर्मचाऱ्यांना सायबर जागरूकतेचं प्रशिक्षण देण्यात आलेलं आहे. तेव्हा खाली बसू नये.